पंखांचं कापड

फाल्गुन लागला की सांगलीकडे वारा सुटतो. तो थंडीचा नसतो, पावसाचाही नसतो. कोरडा, धुळीचा, घडीघडीला दिशा बदलणारा वारा. गच्चीवर वाळत घातलेली चादर एकदम ताणली जाते आणि फट् असा आवाज होतो. घरातल्या कुणाला त्या आवाजाचं काही वाटत नाही. मी मात्र हातातलं काम टाकून जिन्याकडे बघते. कापड ताणलं, आता शिवण धरेल की उसवेल, एवढा एकच विचार मनात येऊन जातो. मग स्वतःलाच समजावते, अगं बाई, ती चादर आहे.

मी शिवणाची बाई. सांगलीत गावभागात माझा मुलींसाठी शिवणवर्ग होता. परकर, झंपर, शाळेचे गणवेश, बाळंतविडे, लग्नाच्या मोसमात ब्लाउजांचा ढीग. जन्मभर तेच केलं. एका हंगामात मात्र मी विमानाचे पंख शिवले. हे वाक्य ऐकून माणसं हसतात, त्यांना वाटतं मी काहीतरी अलंकारिक बोलतेय. पण खरोखरच शिवले. सुईनं, दोऱ्यानं, दोऱ्याला मेण लावून.

त्यासाठी आधी सर्जेरावांबद्दल सांगायला हवं. सर्जेराव म्हणजे माझे यजमान. ते होते तोवर मी त्यांचं नाव घेतलं नाही, 'अहो' म्हणण्यातच संसार झाला. आता घेते. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून, आणि लिहायला बरंही वाटतं म्हणून. ते माण तालुक्यातले, दहिवडीजवळच्या एका वाडीचे. त्या भागात मिसरूड फुटलं की पोरगा मुंबईला जातो. सर्जेराव हवाई दलात गेले. विमानाचा सांगाडा, पंख, चाकं, तारा यांची देखभाल हे त्यांचं काम. एकाहत्तरची लढाई झाली, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची मुदत संपली आणि ते पेन्शन घेऊन घरी आले.

परत आलेला माणूस गप्प होता. पण आधीही ते फार बोलके नव्हते, म्हणून माझ्या लवकर लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. कुठलंही काम 'झालं' असं त्यांच्या तोंडून निघेना. स्टोव्ह बंद केलात का, असं विचारलं तर उठून पुन्हा बघून यायचे, आणि आल्यावरही हो म्हणायचे नाहीत. शेजारच्या घरी नातू झाला, पाळण्याची कडी तुळईला बसवून द्यायला त्यांना बोलावलं. त्यांनी कडी बसवली. तिला स्वतः लोंबकळून बघितलं, एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि जेवणवेळेला ती कडी काढून हातात घेऊन घरी आले.

"दुसऱ्या कुनाकडनं बसवून घ्या म्हनावं," एवढंच बोलले.

शेजारीण चिडली. मी हसण्यावारी नेलं. लढाईवरून आलेल्या माणसाच्या अंगात शिस्त मुरलेली असते, असं काहीतरी तिला सांगितलं.

सांगलीच्या बाहेर कवलापूरच्या माळावर जुनी धावपट्टी होती. तिच्या कडेला एक पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं एक शिकाऊ विमान. वर-खाली असे दोन मजली पंख, मधे काठ्या आणि तारा, पुढे-मागे दोन उघड्या बैठका. शेपटी लांबलचक. आजूबाजूची माणसं त्याला चतुर म्हणायची, तळ्यावर उडतो तो चतुर. या विमानावर कधीकाळी लष्करातली पोरं उडायला शिकली होती. आता त्याच्या पंखांचं कापड फाटून लोंबत होतं, बैठकीत कोंबड्या अंडी घालत होत्या, आणि एका चाकावर कुणीतरी शेवग्याच्या शेंगांची मोळी टेकवून ठेवली होती.

ते पुन्हा उडवायचं इनामदार साहेबांनी मनावर घेतलं. साहेब म्हणजे हवाई दलातले निवृत्त स्क्वाड्रन लीडर, लढाईत सर्जेरावांच्याच तळावर होते. उंच, किंचित वाकलेले, बोलणं मऊ. इथल्या पोरांना उडायला शिकवायचं, त्यासाठी आधी हे जुनं विमान उभं करायचं, असा त्यांचा बेत. ते आमच्या घरी आले, चहा घेतला आणि सर्जेरावांना म्हणाले, "येत्या पाडव्याला ते वर न्यायचंय. इंजिन यशवंत कांबळे बघतोय, मिरजेचा लेथवाला. अंग तुम्ही बघा."

सर्जेरावांनी कप खाली ठेवला. मला वाटलं नाही म्हणणार. पण ते म्हणाले, "काम करतो साहेब. पर चाललं का न्हाई ते मला इचारायचं न्हाई."

साहेबांनी मान हलवली. मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

पंखाचं कापड शिवायला माणूस हवं होतं. सर्जेरावांनीच माझं नाव सांगितलं. मला विचारून नव्हे, सांगून टाकलं. "हिचा टाका सरळ येतो," म्हणाले. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि माझ्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं बरं वाक्य. त्यावरच मी भुलले.

सकाळी सायकलच्या कॅरिअरवर बसून मी त्यांच्याबरोबर माळावर जायची. मांडीवर भाकरीचा डबा, पिशवीत सुया. वाटेत दोन्ही अंगाला हळद शिजवायचं काम चाललेलं असायचं. मोठमोठ्या कढयांतून वाफ निघायची, तिचा तो मातकट, उग्र वास. पुढे एका गुऱ्हाळापाशी रसाचा गोड वास यायचा. आणि शेडमध्ये पाय टाकला की डोपचा. डोप म्हणजे पंखाच्या कापडावर द्यायचं रोगण. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा त्याचा वास, गोड आणि डोकं चढवणारा. घरी गेल्यावर केसांतून, पदरातून तोच यायचा. माझ्या वर्गातल्या मुली नाकाला ओढणी लावायच्या.

पंख शिवायची रीत मी तिथं शिकले. आत लाकडी फासळ्यांचा सांगाडा. त्यावर साहेबांनी मुद्दाम मागवलेलं घट्ट विणीचं सुती कापड अभ्र्यासारखं चढवायचं. मग पंख कडेवर उभा करायचा, भिंतीसारखा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर्जेराव. मी लांब सुई फासळीला लागून आरपार घालायची, ती पलीकडे त्यांनी ओढून घ्यायची, फासळीच्या दुसऱ्या अंगानं माझ्याकडे परत पाठवायची, मग मी गाठ मारायची. असं एकेका फासळीवर वरपासून खालपर्यंत. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. मधे कापडाची भिंत. सुईचं टोक कापडातून बाहेर आलं की कळायचं, माणूस पलीकडे आहे. कधी सुई यायला उशीर व्हायचा. मी थांबायची. कापडावर कान ठेवला तर त्यांचा श्वास ऐकू यायचा. ते नुसते उभे असायचे, हातात सुई धरून.

"अहो," मी म्हणायची.

"हां," असं म्हणून सुई परत यायची.

वाऱ्यानं फार छळलं त्या दिवसांत. डोप देताना वारा नको, दमट हवा नको, धूळ तर मुळीच नको. आणि फाल्गुनातला माळ म्हणजे नुसती धूळ. दुपारी वावटळी उठायच्या, धावपट्टीवरून भिरभिरत शेडकडे यायच्या, पत्रे खडखडायचे. आम्ही तिघं गोणपाटं धरून दारात उभे राहायचो. यशवंत, इंजिन बघणारा तो मिरजेचा माणूस, सगळ्यांत तोंडाळ. "आवं वैनी, ही वावटळ न्हवं, पाहुनीच म्हना की," असं काहीबाही बोलून हसवायचा. सर्जेराव हसायचे नाहीत. त्यांचं लक्ष पंखाच्या कापडावर एखादा कण बसला का, तिकडे. बसला की ते तो भाग घासून काढायचे आणि पुन्हा डोप द्यायचे. पाडवा जवळ येत चालला आणि काम मागे पडत चाललं.

डोप सुकलं की कापड आवळतं, सुरकुत्या नाहीशा होतात, आणि बोटानं टिचकी मारली तर डफावर थाप पडावी तसा आवाज येतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी पुन्हा पुन्हा टिचकी मारत राहिले. मी सर्जेरावांकडे बघितलं. ते अंगठ्यानं कापड दाबत होते, एकेक चौकोन, खालून वर, परत वरून खाली. चेहऱ्यावर काही नाही.

"एकदा तरी बरं झालंय म्हणा," मी म्हटलं.

"बरं झालंय का न्हाई ते हितं कळत न्हाई."

मग एके सकाळी मी शेडमध्ये पोचले, तर डाव्या खालच्या पंखाची एक सबंध ओळ उसवलेली. डोप दिलेलं कापड चिरून, माझे टाके कापून, दोरे जमिनीवर टाकलेले. त्या दिवशी ते माझ्याआधी आले होते. हातात कात्री.

"काय चुकलं होतं?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"मग उसवलं कशाला?"

"पुन्यांदा घालू."

"टाका सैल होता? गाठ सुटली होती? दाखवा मला."

त्यांनी कात्री खाली ठेवली. मी खाली बसून ते दोरे गोळा केले. एकेक गाठ बघितली. सगळ्या घट्ट होत्या. माझ्या हाताचं काम मला ओळखू येतं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. यशवंत इंजिनाच्या आड तोंड लपवून बसला होता.

"उद्यापासून मी येणार नाही," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही शिवा, तुमचं तुम्ही उसवा." आणि माळावरून चालत निघाले. उन्हातून, एकटी, सडकेला लागेपर्यंत एकदाही मागे न बघता.

परवा भाच्यानं गाडीतून त्या बाजूला नेलं होतं. धावपट्टीच्या भेगांतून गवत आलंय. दोन पोरं दुचाकी शिकत होती, एक पाडत होता, दुसरा उचलत होता. शेळ्या होत्या. शेड नाही. सडकेपासून शेडपर्यंतचं अंतर तेव्हा केवढं वाटलं होतं आणि आता गाडीतून केवढंसं निघालं! रागात माणूस फार लांब चालतो.

मी वर्गावर परतले. मुलींना काज करायला बसवलं आणि स्वतः खिडकीत बसून राहिले. एका दुपारी मुली जेवायला गेलेल्या असताना इनामदार साहेब आले. मुलींच्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे पार हनुवटीपर्यंत आले त्यांचे.

"वहिनी, सर्जेरावांनी तुम्हाला त्या पोराचं सांगितलंय?"

"कुठल्या पोराचं?"

साहेब चपापले. मग हळूहळू बोलले. विमान सुटायच्या आधी जमिनीवरचा माणूस सगळं शेवटचं बघतो, विमानापुढे उभा राहतो आणि अंगठा वर करतो. म्हणजे, सगळं ठीक आहे, जा. तो अंगठा दिसल्याशिवाय वैमानिक हलत नाही. लढाईत एका सकाळी असा एक तरुण वैमानिक निघाला. समोर सर्जेराव होते. त्यांनी अंगठा वर केला. पोरगा गेला तो आलाच नाही.

"का?" मी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. गोळी लागली असेल, धुकं असेल. अवशेषही मिळाले नाहीत. चौकशी झाली, सर्जेरावांवर कुणी बोट ठेवलं नाही." साहेबांनी बाकावरचा दोऱ्याचा तुकडा उचलला. "कधी कधी वाटतं, ठेवलं असतं तर बरं. माणसाला धरायला काहीतरी मिळतं."

मला पाळण्याची कडी आठवली. लोंबकळणारे सर्जेराव आठवले. माझ्या हातात काज करायचा एक तुकडा होता, तो मी उगाच दुमडत राहिले.

"हे ठाऊक असून तुम्ही त्यांनाच काम दिलंत?"

"मला चांगला माणूस हवा होता, हे एक. आणि..." साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उडणं सुटल्यावर सकाळी उठून काय करायचं ते मलाही कळेनासं झालं होतं, वहिनी."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सायकलवर बसले. सर्जेरावांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला ठाऊक झालंय, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. पंख कडेवर उभा केला. मी सुई घातली. पलीकडून ती परत आली. पहिल्यांदाच त्या हाताची भीती माझ्या हाताला जाणवत होती. आता सुई यायला उशीर झाला तर मी हाक मारत नव्हते. थांबायची.

पाडव्याच्या सकाळी माळावर जत्रा भरल्यासारखी माणसं. बैलगाड्या, सायकली, कडेवर पोरं. शेडवर गुढी. पाहुण्यांसाठी मांडव, खुर्च्या. चतुर बाहेर आणलेला, रुपेरी रंग दिलेला, उन्हात बघवत नव्हता इतका चमकत होता. साहेब कातडी टोपी घालून मागच्या बैठकीत बसले. यशवंतनं पुढचा पंखा हातानं फिरवला, इंजिन खोकलं, धूर निघाला आणि मग एकसारखा घरघराट सुरू झाला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. यशवंतनं चाकांपुढचे लाकडी ठोकळे ओढून घेतले.

सर्जेराव विमानापुढे जाऊन उभे राहिले.

मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. वारा होता. पंखांचं कापड थरथरत नव्हतं, घट्ट होतं, हे मला लांबूनही दिसत होतं. साहेबांनी हात वर करून विचारलं. सर्जेराव हलले नाहीत. टाळ्या थांबल्या. इंजिन घरघरत होतं, धूळ मागे उडत होती, आणि तो माणूस दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभा. साहेबांनी पुन्हा हात वर केला. करा, मी मनात म्हणत होते, करा वर, एकदा करा. मग सर्जेरावांचे दोन्ही हात वर गेले आणि डोक्यावर त्यांची फुली झाली. म्हणजे, बंद करा.

इंजिन थांबल्यावर जी शांतता पडली तिच्यासारखी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही.

साहेब उतरले. "काय दिसलं?"

"न्हाई सांगता येत."

"आवाजात काही?"

"न्हाई."

"मग?"

"साहेब, माजा हात वर हुईना."

साहेबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, टोपी काढली आणि मांडवाकडे जाऊन जाहीर केलं की आज उड्डाण होणार नाही. गलका झाला. "फुसका बार!" कुणीतरी ओरडलं. एक पाहुणे खुर्ची मागे सारून चालू लागले. माझ्या शेजारचा फेटेवाला दुसऱ्याला सांगत होता, "आरं लढाईत डोस्कं फिरलंय त्येचं. कशाला आसल्या मान्साला लावलं कामाला?" त्याला ठाऊक नव्हतं की मी कोण. मी त्याला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर त्या घडीला मलाही तेच वाटत होतं.

माणसं पांगल्यावर त्यांनी सगळं उघडलं. इंजिनाची झाकणं, तारा, बिजागऱ्या, टाकी, नळ्या. यशवंतनं एकेक गोष्ट काढून फडक्यावर मांडली. ऊन उतरेपर्यंत तिघं त्यात होते. काही सापडलं नाही. एक बोल्ट सैल नाही, एक तार कमी ताणाची नाही. शेवटी यशवंतनं हातातला पाना आपटला.

"ह्यात काय बी न्हाई, दादा. जे हाय ते तुमच्या मनात हाय."

"आसंल," सर्जेराव म्हणाले. "मनात आसंल."

मी पुष्कळ वर्षं या 'आसंल'चा विचार केला. त्या सकाळी विमान सुटलं असतं तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. उडालं असतं, उतरलं असतं, पेढे वाटले असते. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे, आणि त्या एवढ्याशा फटीत तो माणूस दोन-तीन वर्षं राहत होता. आपण सगळेच तिथून रोज ये-जा करतो, पण थांबत नाही. पोराला शाळेत धाडतो, नवऱ्याला एसटीत बसवतो, हात हलवतो आणि घरात येऊन कणीक मळायला घेतो. सर्जेरावांचं ते ये-जा करणं बंद झालं होतं, इतकंच.

सगळं पुन्हा जोडून झालं, तेव्हा सर्जेराव साहेबांना म्हणाले, "पुडच्या बैठकीत मी बसतो. तुमी न्या."

दुसऱ्या सकाळी माळावर आम्ही चौघंच. यशवंतनं अंगठा दाखवला. चतुर धावत गेला, शेपटी उचलली, आणि चाकं जमिनीपासून सुटली. मी वर बघत होते आणि ओठ हलवून फासळ्या म्हणत होते, ही वरच्या पंखाची पहिली, ही दुसरी, ही उसवलेली. जणू मी मोजायची थांबले तर तो टाका सुटेल. विमान कृष्णेच्या दिशेनं गेलं, लहान झालं, दिसेनासं झालं. आवाज ऐकू येत होता तोही वाऱ्यानं नेला. यशवंत माझ्याशी काही बोलला नाही. तो बोलला नाही याचीच मला सगळ्यांत भीती वाटली. मग आवाज आला, आधी आवाज, नंतर ठिपका. उतरताना ते दोनदा उसळलं आणि मग शेडच्या दिशेनं डुलत डुलत आलं.

सर्जेराव खाली उतरले. यशवंतनं त्यांना मिठी मारली. ते लाकडासारखे उभे होते. मी बघत होते त्यांच्या चेहऱ्याकडे, आणि माझ्या ध्यानात आलं की काहीच बदललेलं नाही. विमानात स्वतः बसणं त्यांना जड नव्हतंच. पडलं असतं तर ते पडले असते. त्यांना जड होतं ते खाली उभं राहणं.

साहेब इंजिन बंद न करता ओरडले, "वहिनी! या. तुम्ही शिवलंय, तुम्ही बघा."

"ती कशाला?" सर्जेराव पटकन म्हणाले.

मी पदर खोचला होताच. "मला जायचंय," मी म्हटलं.

"न्हाई."

"शिवलंय मी ते. तुम्ही खाली थांबा आणि मला पाठवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं तेव्हा त्यांना कळलं, की साहेबांनी मला सांगितलंय. इंजिनाच्या वाऱ्यानं आमचे कपडे फडफडत होते. मग ते वाकले, मला पायरी दाखवली, बैठकीत बसवलं. पट्टे खांद्यावरून घेतले, आवळले, पुन्हा सैल करून पुन्हा आवळले. त्यांची बोटं थंडगार होती, चैत्रातल्या उन्हात. उतरून ते विमानाभोवती फिरले. एकेक तार ओढली. डाव्या खालच्या पंखाशी थांबून तळहात कापडावर ठेवला. मग पुढे जाऊन उभे राहिले.

मला पुढच्या पंख्याच्या भोवऱ्यापलीकडे ते धूसर दिसत होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. साहेबांनी विचारलं नाही, हात वर केला नाही, नुसते थांबले. मला एकदा वाटलं, उतरावं, कशाला या माणसाचा असा जीव घ्यायचा. बकलावर हातही गेला. आणि तेवढ्यात सर्जेरावांचा उजवा हात मांडीपासून सुटला, ओझं उचलावं तसा वर आला, आणि त्या हाताचा अंगठा उभा राहिला.

वर काय दिसलं ते सगळे विचारतात. मला थोडंच आठवतं. वाऱ्यानं श्वास कोंडला. खाली वाळत घातलेल्या हळदीचे पिवळे चौकोन, नदीचं वळण, घाटाच्या पायऱ्या. मी खाली फार बघितलं नाही. मी टाके बघत होते. पंखाच्या पोटातून कापड किंचित वर उचललेलं दिसत होतं, पण प्रत्येक ओळ जिथल्या तिथं होती. मग साहेबांनी वळण घेतलं आणि धावपट्टी दिसली. पांढऱ्या उन्हात मधोमध एक माणूस. यशवंत सावलीत गेला होता. सर्जेराव होते तिथंच होते, मान वर करून.

उतरल्यावर त्यांनी पट्टे सोडले. मला हाताला धरून खाली घेतलं आणि तो हात शेडपर्यंत सोडला नाही. चारचौघांत नवऱ्यानं हात धरायचा तो काळ नव्हता. यशवंतनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

शेडच्या सावलीत आम्ही डबा उघडला. भाकरी, झुणका, लसणाची चटणी. साहेबही मांडी घालून बसले. सर्जेरावांनी एक भाकरी संपवली, दुसरी घेतली. तिचा तुकडा मोडता मोडता, कुणी काही विचारलेलं नसताना, ते बोलायला लागले.

"आमच्याकडं एक पोरगा हुता, अरविंद म्हनून. केरळचा पायलट. लय हुशार. पर पत्त्यात लबाडी करायचा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"आन धरला की रडायचा न्हाई, चिडायचा न्हाई. हसत सुटायचा. इतका हसायचा की आमालाच हसू यायचं. मला काका म्हनायचा. मराटी येत न्हवतं त्येला, एवडा येकच शब्द."

यशवंतनं गुडघ्यावर कांदा फोडला आणि त्यांच्यापुढे सरकवला. "कसली लबाडी करायचा, दादा?" त्यानं विचारलं.

सर्जेरावांनी कांद्याची फोड उचलली. "सांगतो की," म्हणाले. "येकदा काय झालं..."